जुन्या पॉवरएज २९५० वर व्हर्च्युअलायझेशन: काय बसेल, काय नाही?

गडहिंग्लजकर

मंडळी, नमस्कार. एका शिक्षणसंस्थेने निर्लेखित केलेल्या सामानातून एक डेल पॉवरएज २९५० सर्व्हर पदरात पडलाय. भंगारवाला किलोवर ज्या भावाने नेणार होता, त्याच भावाने. तिसऱ्या पिढीचा आहे. दोन झिऑन ई५४१०, म्हणजे मिळून आठ कोअर, १६ जीबी रॅम, पर्क ६/आय डिस्क कंट्रोलर आणि १४६ जीबीच्या चार सॅस डिस्क. दोन्ही पॉवर सप्लाय शाबूत.

काम असं: बारावी आणि डिप्लोमाची दहा-बारा पोरं शनिवार-रविवार माझ्याकडे लिनक्स शिकायला येतात. प्रत्येकाला स्वतःचं आभासी मशीन (व्हीएम) हवं, रूटसकट म्हणजे पूर्ण अधिकारांसकट. मोडलं तर पाच मिनिटांत पुन्हा उभं करून देता आलं पाहिजे. जोडीला एक छोटं मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्गाची वेबसाइट.

आभासी मशीनं चालवणारी सॉफ्टवेअर बसवून बघितली. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ७ चा इन्स्टॉलर सीपीयू बघूनच थांबला. प्रॉक्समॉक्स ८ चा पेनड्राइव्ह केला, तर सर्व्हर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. या यंत्रावर नक्की काय बसतं? की नादच सोडू?

लॅमिंग्टन_रोड

सोडा. वीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. २९५० आमच्याकडे आता फक्त सुट्या भागांसाठी येतो, आणि त्यातलेही पॉवर सप्लाय नि डिस्कचे ट्रे तेवढे विकले जातात. रॅम कोणी हुंगतही नाही. ती एफबी-डिम आहे, साध्या डीडीआर२ च्या खाचेत बसत नाही, आणि प्रत्येक पट्टीवर एक बफर चिप असते जी नुसती तापत राहते. वर आवाज असा की पिठाची गिरणी बरी.

विजेचं बिल कोण भरतंय ते आधी सांगा.

शून्य_युनिट

मी हिशेब करून देतो. दोन चार-कोअर झिऑन आणि आठ एफबी-डिम असलेला २९५० काही काम नसतानाही अडीचशे-तीनशे वॉट खातो. ३०० धरा. दिवसाला ७.२ युनिट, महिन्याला २१६. युनिटला सरासरी दहा रुपये धरले तर २,१६० रुपये झाले.

पण खरी गोम स्लॅबमध्ये आहे. घरचा वापर दीडशे युनिट असेल तर महावितरणच्या १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये तुम्ही आहात. हा डबा चोवीस तास चालवलात की ३०१ च्या पुढे गेलात, म्हणजे वरच्या युनिटांचा दरही चढला. वर्षभराच्या बिलात इंटेल एन१०० चा मिनी पीसी येतो, जो रिकामा असताना दहा वॉटसुद्धा घेत नाही आणि एकेका कोअरच्या हिशेबाने या झिऑनच्या पुढे आहे.

मीनाक्षी_पुणे

वरचे दोघे खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांनी प्रश्न वाचला नाही. शनिवार-रविवार वर्ग आहे. आठवड्याला दहा-बारा तास चालणाऱ्या यंत्राचं बिल चोवीस तासांच्या हिशेबाने काढू नका.

गडहिंग्लजकर, आता मुद्द्याचं. जुन्या सर्व्हरवर हायपरवायझर (आभासी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) बसेल की नाही हे कोअर आणि जीबी मोजून कळत नाही. दोनच गोष्टी बघायच्या: सीपीयूला कुठल्या सूचना समजतात, आणि डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून कोण देतंय. तुमच्या यंत्राला हे दोन प्रश्न लावून बघू.

ईएसएक्सआय: तुमचा ई५४१० हार्परटाउन घराण्यातला. ५४०० मालिका व्हीएमवेअरच्या यादीतून २०१८ मध्येच गेली, ६.७ आलं तेव्हा. २०२० च्या सातमध्ये तर तिच्या कितीतरी नंतरची ५६०० मालिकाही गेली. बूट करताना 'अलाउ लेगसी सीपीयू' लिहा असा सल्ला जागोजागी मिळेल. त्याने सीपीयूची अट सैल होते, ड्रायव्हर मात्र कुठून येणार? सातमध्ये लिनक्सवरून घेतलेले जुने ड्रायव्हर पूर्ण काढून टाकले आणि पर्क ६/आय त्यांच्यावरच चालायचा. सीपीयूची समजूत घातली तरी समोर एकही डिस्क नाही. ६.५ बसेल, पण त्याचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला. ज्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत ते पोरांच्या हाती नेटवर्कसकट कशाला द्यायचं?

मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही: विंडोज सर्व्हर २०१६ पासून त्याला सीपीयूमध्ये दुसऱ्या पातळीचं पत्तारूपांतर लागतं, इंटेलच्या भाषेत ईपीटी. ते नेहेलेम या पुढच्या पिढीपासून आलं, हार्परटाउनमध्ये नाही. विषय संपला.

राहिलं केव्हीएम, लिनक्स कर्नलमधलाच हायपरवायझर, म्हणजे प्रॉक्समॉक्स किंवा नुसतं डेबियन. केव्हीएमला ईपीटी नसलं तरी चालतं. मेमरीच्या पानांचे तक्ते तो स्वतः सांभाळतो, फक्त हळू. मेगारेडचा ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये पर्क ६/आय अजून ओळखतो. डेबियन १३ नेही ६४ बिटची सगळ्यात जुनी पातळी सोडलेली नाही, त्यामुळे त्यावर बांधलेलं प्रॉक्समॉक्स ९ सुद्धा बसेल. मी ९ घेईन, ८ ची मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे.

पेनड्राइव्हसाठी: रूफस वापरत असाल तर लिहिताना तो आयएसओ की डीडी विचारतो, तिथे डीडी. मग बायोसमध्ये एफ२ ने शिरून यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह इम्युलेशन 'ऑटो' असेल ते 'हार्ड डिस्क' करा, आणि हार्ड डिस्कच्या क्रमवारीत पेनड्राइव्ह वर आणा. पेनड्राइव्ह जुना, यूएसबी २ चा असेल तर उत्तम.

नवशिका_०७

ताई, प्रॉक्समॉक्सऐवजी अल्मा ८ (रेड हॅटसारखीच फुकटची लिनक्स) टाकून त्यावर केव्हीएम केलं तर? कॉलेजात आम्हाला रेड हॅटच शिकवतात.

मीनाक्षी_पुणे

इन्स्टॉलर चालू होईल आणि डिस्क निवडायच्या पडद्यावर रिकामी यादी दाखवेल. रेड हॅटने आठमध्ये मेगारेडच्या ड्रायव्हरमधून बरेच जुने कंट्रोलर वगळले, त्यात पर्क ५ आणि पर्क ६ ची १०७८ चिप दोन्ही आहेत. अल्मा, रॉकी त्याच वाटेने. ईएलरेपोवाले या जुन्या कंट्रोलरांसाठी वेगळी ड्रायव्हर डिस्क देतात, तिने काम होतं. मग प्रत्येक कर्नल बदलताना ते ड्रायव्हर जुळतंय ना हे बघत बसायचं. शिकण्यासाठी अल्मा ८ पाहुणी म्हणून प्रॉक्समॉक्सच्या आत चालवावी. आत तिला आभासी डिस्क दिसते, पर्कचा संबंधच येत नाही. तिचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे, तुमचा डिप्लोमा तोवर होईल.

फोंडेकार

एक्ससीपी-एनजी या आणखी एका हायपरवायझरचं नाव कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो. आमच्या इथे एचपीच्या डीएल३८० जी७ वर ८.३ चाललं आहे, पी४१०आय कंट्रोलर, एक्स५६५० सीपीयू. ऑक्टोबर २०२४ मध्ये ८.३ आलं. मुख्य डोमेनचा (बाकीच्या व्हीएम सांभाळणाऱ्या मूळ मशीनचा) कर्नल ४.१९ आहे, त्यामुळे जुनं हार्डवेअर बिनतक्रार ओळखतं. हल्ली ब्राउझरमधून चालवायला साधी झेन ऑर्केस्ट्रा लाइटसुद्धा आत येते.

मीनाक्षी_पुणे

फोंडेकार, चांगलंच आहे ते. पण त्यांच्याकडे १६ जीबी आहे आणि बारा पोरं. तिथे कंटेनर लागणार, म्हणजे यजमानाचाच कर्नल वापरणारी हलकी मशीनं. एक्ससीपीमध्ये प्रत्येकाला पूर्ण व्हीएम द्यावी लागते, आणि मुख्य डोमेन स्वतःची रॅम आधीच बाजूला काढून बसतं.

टेक्सासचा_तात्या

इथे डॅलसला आमच्या गराजमध्ये आर७१०, म्हणजे २९५० नंतरचा डेलचा सर्व्हर आहे, तेव्हा पुढची पायरी घेणाऱ्यांसाठी थोडं. आर७१० घेताना आत ५५०० मालिका आहे की ५६०० हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून दोन्ही सारखेच. पण ५६०० मध्ये एईएसच्या (एन्क्रिप्शनच्या) सूचना आहेत, ५५०० मध्ये नाहीत, आणि आजकाल त्याने फार फरक पडतो. माझ्यात दोन एल५६४० आहेत, सहा-सहा कोअर आणि ६० वॉटचे. रिकामा असताना भिंतीपाशी सव्वाशे-दीडशे वॉट दाखवतो. पंख्यांचा वेग आयपीएमआयटूलने (सर्व्हरला दुरून आज्ञा देणारा प्रोग्राम) खाली आणता येतो, नाहीतर बायको गराजचं दार उघडू देत नाही.

ग्राफिक्स कार्ड किंवा एचबीए (डिस्क जोडायचं कार्ड) थेट व्हीएमला द्यायचा विचार असेल तर तेही सांगतो. या पिढीच्या ५५२० चिपसेटमध्ये इंटरप्ट रीमॅपिंगचा दोष आहे, कर्नल ते ओळखून बंद करतो. 'असुरक्षित इंटरप्ट चालतील' असं व्हीएफआयओला सांगावं लागतं. घरी ठीक, ऑफिसात करू नका. २९५० मध्ये मात्र या भानगडीत पडूच नका.

गडहिंग्लजकर

मीनाक्षीताई, लई उपकार. डीडी आणि हार्ड डिस्क इम्युलेशन, दोन्ही केल्यावर पेनड्राइव्ह लगेच उचलला. प्रॉक्समॉक्स ९ चा इन्स्टॉलर आला, पण चित्रांचा पडदा काळा पडला. मजकुरावर चालणारा दुसरा पर्याय होता, तो घेतला तर पुढे सरकलं. आता म्हणतोय की केव्हीएमची सोय सापडली नाही, बायोस तपासा. ई५४१० मध्ये व्हीटी (सीपीयूतली व्हर्च्युअलायझेशनची सोय) आहे असं इंटेलच्या पानावर दिसतंय.

मीनाक्षी_पुणे

आहेच. त्या काळात डेलच काय, बहुतेकजण ते बंद ठेवून पाठवत. एफ२, सीपीयू इन्फॉर्मेशन, व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एनेबल. त्याच पानावर एक्झिक्यूट डिसेबलही चालू आहे का बघा. मग नुसतं रीस्टार्ट नको. पूर्ण बंद करा, दोन्ही पॉवर कॉर्ड काढा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा. व्हीटीचा बदल बऱ्याच जुन्या बोर्डांवर गरम रीस्टार्टने लागूच होत नाही.

चालू झाल्यावर सीपीयूइन्फो फाइलमध्ये व्हीएमएक्स हा शब्द दिसला की झालं.

लॅमिंग्टन_रोड

आणि कॉर्ड काढायच्या आधी बोर्डावरचा सेल बदला. सीआर२०३२, पाणटपरीवरसुद्धा मिळतो. इतक्या वर्षांचा सेल मेलेलाच असणार. कॉर्ड काढली की बायोस मूळपदावर, व्हीटी पुन्हा बंद, आणि घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात. मग माणूस रात्रभर अपडेटच्या सर्व्हरशी भांडत बसतो की सर्टिफिकेट अजून वैध कसं नाही.

नाद सोडा म्हणालो होतो, पण करताच आहात तर नीट करा.

शून्य_युनिट

इन्व्हर्टरवर लावणार असाल तर तोही बघा. या सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये पीएफसीची (पॉवर फॅक्टर सुधारणारी) सक्रिय रचना असते. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ते कुरकुरतात, कधी बसतातच. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस पाहिजे. गावाकडे लाइट जाते म्हणून सांगतोय. आणि दोनपैकी एकच सप्लाय लावला तरी सर्व्हर चालतो, वर्गासाठी तेवढा पुरे.

गडहिंग्लजकर

सेल बदलला, मापला तर १.९ व्होल्ट निघाला! व्हीटी चालू, प्रॉक्समॉक्स बसलं, ब्राउझरमधून पानही दिसतंय. एंटरप्राइझ रिपॉझिटरी बंद करून विनासदस्यता लावली.

आता नवीन घोळ. डेबियनची पहिली व्हीएम केली, स्टार्ट दाबलं तर चालूच होत नाही. त्रुटीत लिहिलंय की यजमान यंत्राकडे मागितलेली वैशिष्ट्यं नाहीत, आणि खाली एसएसई ४.२, पॉपसीएनटी, एईएस अशी लांबलचक यादी.

टेक्सासचा_तात्या

आलं का ते! याचसाठी वर ५५००-५६०० चं पुराण लावलं होतं.

प्रॉक्समॉक्सने आवृत्ती ८ पासून नव्या व्हीएमचा डीफॉल्ट सीपीयू बदलला. पूर्वी केव्हीएम६४ असायचा, आता एक्स८६-६४-व्ही२-एईएस. हे व्ही१, व्ही२, व्ही३ म्हणजे ६४ बिट सीपीयूंच्या पायऱ्या. व्ही२ साठी एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी लागतात, दोन्ही नेहेलेमबरोबर आले. हार्परटाउन एसएसई ४.१ वर थांबला, म्हणजे तुम्ही व्ही१ वर. व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये प्रोसेसरचा प्रकार केव्हीएम६४ किंवा सरळ होस्ट करा. एकच सर्व्हर आहे, व्हीएम दुसरीकडे हलवायची नाही, मग होस्टच बरा.

५५०० वाल्यांना व्ही२ चालतो पण त्यातला एईएस काढावा लागतो. ५६०० वाले न बघता पुढे जातात.

गडहिंग्लजकर

होस्ट केलं, डेबियन चालू झालं. पोरांना रेड हॅटसारखं काही दाखवावं म्हणून रॉकी ९ चा आयएसओ लावला. कर्नल थोडा वेळ पळतो आणि मग पॅनिक, ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची प्राणघातक त्रुटी, सीपीयू व्ही२ ला पात्र नाही वगैरे.

मीनाक्षी_पुणे

रेड हॅट ९ आणि तिची सगळी भावंडं व्ही२ साठीच बांधलेली आहेत. यात सेटिंगचा काही दोष नाही. सीपीयूलाच त्या सूचना माहीत नाहीत, तर कुठलाही प्रकार निवडला तरी त्या येणार नाहीत. कंटेनरमध्ये टाकलं तरी ग्लिबसी तेच म्हणणार. १० तर व्ही३ मागते, म्हणजे हॅसवेल. अल्माने १० ची व्ही२ साठी वेगळी बांधणी ठेवली आहे. ती तात्यांच्या आर७१० ला उपयोगी, तुम्हाला नाही.

तुमच्यासाठी: डेबियन १२ किंवा १३, आणि रेड हॅट पद्धतीसाठी अल्मा ८. विंडोज ११ कोणी मागितलं तर २४एच२ पासून तिलाही पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ लागतं, नाही म्हणून सांगा.

नवशिका_०७

ताई, आम्हाला मोंगोडीबी पण आहे अभ्यासक्रमात. ते चालेल ना?

मीनाक्षी_पुणे

४.४ पर्यंतची चालेल. ५.० पासून तिला एव्हीएक्स हा सूचनांचा संच लागतो, आणि तो इंटेलमध्ये सँडी ब्रिजपासून आला, २०११ मध्ये. इथे २९५० काय आणि आर७१० काय, दोघेही नापास. सेवा चालू होते न होते तोच 'अवैध सूचना' म्हणून मरते, आणि मुलं दोन-दोन तास कॉन्फिगची फाइल तपासत बसतात. टेन्सरफ्लोच्या तयार बांधण्यांचं १.६ पासून तेच.

तुमच्या सरांना सांगा, हे फळ्यावर लिहून ठेवा. 'अवैध सूचना' दिसली की आधी सीपीयूचे फ्लॅग, मग कॉन्फिग.

कंटाळलेला_डीबीए

ईपीटी नाही हे सगळे एका ओळीत उरकून पुढे गेलात. वर मूडलचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. ईपीटी नसताना व्हीएममधल्या प्रत्येक नव्या प्रोसेसला, पानांच्या तक्त्यातल्या प्रत्येक बदलाला हायपरवायझरला मध्ये पडावं लागतं. नुसती आकडेमोड करणारी गोष्ट जवळपास मूळ वेगाने चालते. पण शंभर छोट्या प्रोसेस उघडणारी, मिटणारी गोष्ट, म्हणजे पीएचपी, कंपाइल करणं, कॉन्फिगरच्या स्क्रिप्ट, तिथे कळ येते. मूडल व्हीएममध्ये ठेवू नका. एलएक्ससी कंटेनरमध्ये ठेवा. कंटेनर यजमानाच्याच कर्नलवर चालतो, मध्ये कोणी पडत नाही, ईपीटी असो नसो. डेटाबेसही तिथेच.

व्हीएमपेक्षा कंटेनर हलका म्हणून सगळे सांगतात. या सर्व्हरवर तो हलका आहे त्यापेक्षा जास्त करून वेगवान आहे, आणि कारण हे आहे.

मीनाक्षी_पुणे

+१. मी हेच लिहिणार होते, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

गडहिंग्लजकर

डीबीए साहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे बारा पोरांना बारा अनप्रिव्हिलेज्ड कंटेनर, प्रत्येकी ५१२ एमबी, एकूण ६ जीबी. मूडल आणि त्याचा डेटाबेस मिळून ३ जीबी. राहिलेल्यात दोन-तीन पूर्ण व्हीएम, ज्या दिवशी पार्टिशन, ग्रब, कर्नल असले धडे असतील त्या दिवसापुरत्या. कंटेनरमध्ये रूट दिलं तरी यजमानावर तो रूट नसतो ना?

मीनाक्षी_पुणे

नसतो. आतला शून्य क्रमांकाचा वापरकर्ता बाहेर एक लाखाच्या पुढचा कोणीतरी फालतू वापरकर्ता असतो. पोरं आत काहीही खोडू देत. एक कंटेनर नीट तयार करा, त्याचा टेम्प्लेट करा, एलव्हीएम-थिनवर त्याचे लिंक्ड क्लोन घ्या. नवीन कंटेनर काही सेकंदात उभा राहतो आणि डिस्कवर फक्त फरक साठतो.

एक मात्र बोलायलाच हवं. इंटेलने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं की स्पेक्टर या सीपीयूतल्या सुरक्षादोषासाठी हार्परटाउनला मायक्रोकोड (सीपीयूच्या आतली दुरुस्ती) मिळणार नाही. वेस्टमिअरला, म्हणजे ५६०० ला मिळाला. म्हणजे या यंत्रावर एका कंटेनरमधल्याने दुसऱ्यातलं वाचायचं ठरवलं, तर हार्डवेअर त्याला अडवणार नाही. वर्गात ठीक. यावर बँकेचे पासवर्ड, संस्थेचा हिशेब, गावच्या पतसंस्थेचा सर्व्हर असलं काही नको, आणि राउटरवरून पोर्ट उघडून मूडल जगाला दाखवणंही नको.

नवशिका_०७

सर, डिस्क वाढवणार का? माझ्याकडे ४ टीबीची साटा डिस्क पडून आहे.

लॅमिंग्टन_रोड

पर्क ६ त्यातले २ टीबीच बघतो, त्यापुढचं त्याला दिसत नाही. चिपचीच मर्यादा, फर्मवेअरने जात नाही. आणि झेडएफएस या फाइल सिस्टमचं कोणी मनात आणू नका. या कार्डात डिस्क सरळ पुढे देण्याची सोय नाही. एकेका डिस्कची रेड० (रेड म्हणजे डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) करून त्यावर झेडएफएस चढवणारे शूर असतात, ती डिस्क मेल्यावर माझ्याकडे येतात. हार्डवेअर रेड करा, वर एक्सटी४ किंवा एलव्हीएम. खरंच झेडएफएस पाहिजे तर एच२०० कार्ड घ्या, पण तो आयटी मोडला (डिस्क सरळ पुढे देणाऱ्या फर्मवेअरला) नेताना पुरेसं वाचा, आणि केबल बदलावी लागेल. पर्क ६ चे जोड ८४८४ चे, एच२०० चे ८०८७ चे. कार्ड स्वस्त, केबल महाग असा प्रकार आहे.

पर्कची बॅटरी कशी आहे?

गडहिंग्लजकर

कंट्रोल-आर च्या पडद्यावर 'फेल्ड' दाखवतोय. चालतं तर आहे.

लॅमिंग्टन_रोड

चालणारच. पण बॅटरी मेली की कंट्रोलर लिहिण्याचा कॅश वापरत नाही, सरळ डिस्कवर लिहितो. बारा कंटेनर एकदम चालू केलेत की कळेल. त्या मेनूत बॅटरी नसतानाही राइट-बॅक, म्हणजे आधी कॅशमध्ये लिहिणं, जबरदस्तीने चालू करता येतं. वीज गेली की कॅशमधलं सगळं गेलं. वर्गाच्या मशीनला यूपीएस असेल आणि बॅकअप असेल तर मी म्हणेन करा. दुकानाच्या मशीनला कधी करणार नाही. नवी म्हणून मिळणारी बॅटरीही बहुतेक वेळा जुन्यातून काढलेली असते, त्यावर पैसे घालू नका.

आणि चार डिस्कची रेड ५ केली असेल तर मोडून रेड १० करा. इतक्या जुन्या चार डिस्कपैकी एक गेली की रेड ५ पुन्हा बांधताना दुसरी जाते. चारही डिस्कच्या मिळून निम्मी जागा मिळेल, २९२ जीबीच्या आसपास, पोरांना पुरते. आधी स्मार्टसीटीएलने प्रत्येक डिस्क तपासा. पर्कच्या मागच्या डिस्क सरळ दिसत नाहीत, त्याला मेगारेड आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो. 'ग्रोन डिफेक्ट' शंभराच्या वर असलेली डिस्क मी तरी ठेवत नाही.

संपादक

'सरकारी वीजदर' या विषयावरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे हार्डवेअरबद्दलच लिहावे.

कंटाळलेला_डीबीए

अवांतर: केव्हीएम मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आलं फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० बरोबर. प्रॉक्समॉक्सची पहिली आवृत्ती व्हिएन्नाहून निघाली २००८ मध्ये. हार्परटाउन नोव्हेंबर २००७ चा. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने याला अजून दाराबाहेर काढलं नाही, ते याच्याच वयाचं आहे. बाकी सगळ्यांनी वयाचा दाखला मागितला.

टेक्सासचा_तात्या

हाहा. आणि प्रॉक्समॉक्समध्ये केएसएम आहे हे विसरू नका. सारख्या व्हीएमची सारखी पानं एकत्र करतं. रॅम ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की आपोआप जागं होतं. तीन अल्मा एकदम चालवायच्या दिवशी उपयोगी पडेल.

गडहिंग्लजकर

सद्यस्थिती सांगतो. रेड १० केलं. एका डिस्कमध्ये डिफेक्ट भरपूर निघाले, ती बदलली. प्रॉक्समॉक्स ९ पुन्हा बसवलं. डेबियन १३ चा टेम्प्लेट, त्याचे बारा क्लोन, नावं पोरांचीच. मूडल कंटेनरमध्ये, आणि खरंच, आधी व्हीएममध्ये जे पान उघडायला चहा व्हायचा ते आता पटकन येतं. अल्मा ८ ची एक व्हीएम. राइट-बॅक जबरदस्तीने चालू केलंय, साइन वेव्ह यूपीएस आहे. एकच पॉवर सप्लाय जोडलाय. सर्व्हर मागच्या खोलीत, दार लावून.

सुरू करायला दर शनिवारी मागच्या खोलीत जायचा कंटाळा, म्हणून बीएमसीला (सर्व्हर दुरून चालू-बंद करणारी बोर्डावरची चिप) पत्ता देऊन आयपीएमआयटूलने हॉलमधूनच चालू-बंद करतो. बीएमसीचा मूळ पासवर्ड बदलला आहे, त्याबद्दल कोणी लिहिण्याआधीच सांगतो.

एकच शंका उरली. बॅकअप त्याच डिस्कवर घेतोय सध्या.

मीनाक्षी_पुणे

तो बॅकअप नाही. कुठलाही जुना डेस्कटॉप, त्यात नवशिक्याची ती ४ टीबी डिस्क, एनएफएसने (नेटवर्कवरून) प्रॉक्समॉक्सला जोडा आणि रविवारी वर्ग संपल्यावरची वेळ लावा. झेडस्टँडर्डने दाबायला सांगा, या सीपीयूवर जीझिपने रात्र जाईल.

नवशिका_०७

डिस्क द्यायला मी तयार आहे सर, पण त्यावर माझे काही पिक्चर आहेत, ते कुठे ठेवू?

लॅमिंग्टन_रोड

२९५० वर तर अजिबात नको.